मीटरवर बासष्ट हजार

"भाऊ, गाडी बंद होत नाहीये!"

फोनवर तोडकर मॅडम होत्या, आणि त्यांच्या मागे इंजिन असं किंचाळत होतं की मला आधी बोलणंच नीट कळेना.

"चावी फिरवा की मॅडम."

"चावी माझ्या हातात आहे! काढून घेतलीय! तरी चालूच आहे, वाढतच चाललंय. आणि मागून पांढरा धूर येतोय, रस्ता दिसत नाही!"

माझ्या हातातला पाना खाली पडला. डिझेल गाडीचा टर्बो आतून गेला की कधी कधी इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. मग त्याला डिझेल लागत नाही आणि ते चावीचंही ऐकत नाही. ऑइल संपेपर्यंत, नाहीतर इंजिनाचे तुकडे होईपर्यंत ते पळत राहतं. हे मी ऐकून होतो, पाहिलं कधी नव्हतं.

"अप्पा कुठं हायत?"

"आत. मागच्या सीटवर."

"आधी त्यास्नी उतरवा. दुसरं कायबी करू नका. कुणाला तरी हाक मारा."

फोन त्यांनी बहुतेक सीटवर टाकला. पुढची दोन मिनिटं मी ते किंचाळणं ऐकत गॅरेजच्या दारात उभा होतो. कुणीतरी "ताई, सरका, सरका" म्हणालं. दार आपटलं. अप्पांचं कण्हणं ऐकू आलं. मग मॅडम परत आल्या.

"उतरवलं. पलीकडे झाडाखाली बसवलंय."

"आता नीट ऐका. गाडीत बसा. हँडब्रेक वर ओढा, ब्रेक तळापर्यंत दाबून धरा. क्लच दाबून पाचवा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. दणका बसंल, भिऊ नका."

त्या वेळी इंजिन फुटलं असतं तर लोखंड बॉनेट फाडून बाहेर आलं असतं. पण बाईंनी "का" म्हणून विचारलं नाही. मी सांगितलं आणि त्यांनी केलं. धाडकन आवाज झाला आणि सगळं गप्प झालं.

"बंद झाली," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "भाऊ, अप्पांची वेळ अकराची आहे हो."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना विट्याहून सांगलीला डायलिसिसला न्यावं लागायचं. एसटीत त्यांना बसवत नव्हतं आणि भाड्याच्या गाडीवाल्यांनी दोनदा ऐन वेळी दगा दिला होता. म्हणून हायस्कूलमध्ये गणित शिकवणाऱ्या या बाई पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या आणि त्यांनी एक जुनी गाडी घेतली. ती गाडी त्यांनी माझ्या सांगण्यावरून घेतली होती. त्या मंगळवारी दुधाच्या एका पिकअपवाल्यानं अप्पांना सांगलीपर्यंत पोचवलं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी दिलावर शिकलगार. खानापूर रोडला माझं गॅरेज आहे, त्याच जागी, त्याच पत्र्याखाली. माणूस म्हणून मी तापट. तोंडाचा फटकळ. पण हाताखालून गेलेल्या गाडीबद्दल खोटं बोललो, असं माझ्या दुश्मनालाही म्हणता यायचं नाही. म्हणजे तेव्हा तरी यायचं नाही.

गाडी मूळची निकम सरांची. प्राध्यापक यशोधन निकम. कॉलेजात मराठी शिकवायचे, पण त्यांचं खरं नाव व्याख्यानांत. गावोगावच्या व्याख्यानमालांना सरांचं एक पुष्प ठरलेलं. माणूस बोलायला उभा राहिला की मागच्या रांगेतली बाळंसुद्धा रडायची थांबायची. असा माणूस माझ्या गॅरेजात येऊन लाकडी बाकावर बसायचा आणि मला "उस्ताद, तुम्ही" म्हणायचा. तोपर्यंत मला गावात सगळे "ए दिल्या" म्हणत होते. मला ते गोड लागलं, यात लपवण्यासारखं काही नाही.

नवी टर्बो गाडी घेतल्यावर सर तिचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले होते.

"उस्ताद, कंपनी म्हणते पंधरा हजार किलोमीटरला ऑइल बदला. तुम्ही काय म्हणता?"

"पुस्तक ठेवून जावा. चार दिसांनी सांगतो."

त्या काळी आमच्याकडे सगळ्या डिझेल इंजिनांना एकच जाड ऑइल. जीपला तेच, टेम्पोला तेच, ट्रॅक्टरलाही तेच. पण टर्बोची गोष्ट वेगळी. आतला दांडा बोटाएवढा आणि फिरतो मिनिटाला लाखाच्या वर. त्याला बेअरिंगच्या गोळ्या नसतात. ऑइलचा एक पातळ थर असतो, त्यावर तो तरंगतो. तो थर असेल तर टर्बो इंजिनाएवढा जगतो, नसेल तर गेला. म्हणून त्याला सिंथेटिक लागतं, सकाळच्या थंडीत पटकन वर चढणारं आणि घाटात तापलं तरी न फाटणारं. पुस्तकात बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मुलीकडून वाचून घेतली. धूळ, घाट आणि जवळच्या फेऱ्या असतील तर मुदत निम्मी धरा. आमच्याकडे उसाच्या हंगामात दुसरं असतं काय?

"साडेसात हजार," मी सरांना सांगितलं. "आणि ऑइल मी म्हणीन तेच. घाटातनं वर आलासा की गाडी लगेच बंद करायची न्हाई, मिनिटभर नुसती चालू ठेवायची. टर्बोला ऑइल मिळत राहतं."

"ठरलं," सर म्हणाले. "गाडी माझी, इंजिन तुमचं."

पाच वर्षं तसंच चाललं. मीटर साडेसात हजारांनी पुढे गेलं की सर गाडी आणायचे. एक दिवस इकडचा तिकडे नाही. मी ऑइल गरम असतानाच खाली काढायचो. दोन बोटांत चोळायचो, वास घ्यायचो आणि एक थेंब कोऱ्या कागदावर सोडायचो. ऑइलमध्ये जीव असेल तर ठिपका पसरत जातो आणि कडेला पिवळा पडतो. मेलेलं ऑइल पसरत नाही, मधेच काळा गोळा होऊन बसतं. कागदावर तारीख आणि मीटरचा आकडा लिहून मी तो फायलीत लावायचो. वडिलांची पद्धत. ते ट्रकांचं करायचे, मी सगळ्यांचं करतो.

सरांच्या गाडीचा ठिपका पसरायचा नाही.

पहिल्यांदा मला वाटलं, एखाद्या वेळी होतं. दुसऱ्यांदा तसाच. बोटांना कणी लागत होती, वास जळका. मी सरांना म्हणालो, "सर, हे साडेसात हजाराचं ऑइल वाटत न्हाई. गाडी जास्त पळती का?"

सर हसले. "मीटर समोर आहे ना उस्ताद. लांबची व्याख्यानं असली की आयोजक गाडी पाठवतात. ही आपली जवळपासची. पण रस्ते बघताय ना? आणि मी गिअर जरा खेचूनच चालवतो, तुमची वहिनी रोज ओरडते."

झालं. मी कामाला लागलो. एअर फिल्टर बदलला. इंजेक्टर तपासून आणले. टायर लवकर झिजले, ब्रेक लवकर गेले, तर म्हटलं सर गाडी खेचून चालवतात. प्रत्येक गोष्टीला सरांचं ते एक वाक्य मी लावत गेलो. आणि तरीही चौथ्या वेळी ठिपका काळाच पडला, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी सरळ जिनदत्तच्या दुकानात गेलो.

जिनदत्त चौगुले. बाजारपेठेत ऑइल आणि स्पेअरचं दुकान. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, त्याच्या लग्नात मी तीन दिवस राबलो होतो. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. मी ऑइलचा डबा काउंटरवर आपटला.

"डुप्लिकेट माल विकायला लागलास व्हय रे? किती दिवस चाललंय हे?"

जिनदत्तचं तोंड पांढरं पडलं. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली.

"दिल्या, हाच माल तू धा गाड्यांत घालतोस," तो हळू आवाजात म्हणाला. "बाकीच्या नऊ गाड्यांचं काय म्हणणं हाय?"

"त्या टर्बो न्हाईत. ह्या गाडीत कळतंय."

"मग ऑइलला नावं ठिवायच्या आधी गाडीला इचार. न्हाईतर गाडीच्या मालकाला."

"सरांना? निकम सरांना इचारू? तू इचार की, तुझ्यात दम असंल तर."

एवढं बोलून मी बाहेर पडलो. नऊ गाड्यांचं त्याचं बोलणं बिनचूक होतं. ते मला त्या वेळीही कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. त्या दिवसापासून मी ऑइल कराडहून आणायला लागलो. ठिपका पुढेही काळाच पडत राहिला. मग मी कराडवाल्यालाही शिव्या घातल्या. जिनदत्तच्या दुकानात डुप्लिकेट माल मिळतो असं गावात झालं, आणि ते मी केलं.

मग सरांनी गाडी विकायला काढली. त्याच सुमारास तोडकर मॅडम गाडी बघत होत्या. सरांचं आणि त्यांचं बोलणं माझ्याच गॅरेजात झालं.

"मला गाडीतलं काही कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "वडिलांना घेऊन जायचंय. वाटेत बंद पडून चालणार नाही, एवढंच मला कळतं."

सर म्हणाले, "मॅडम, मी मालक, मी चांगलंच सांगणार. तुम्ही उस्तादांना विचारा. ते म्हणतील ते खरं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "भाऊ, माझ्या जागी तुमची बहीण असती तर?"

मी बॉनेटवर हात ठेवला. मीटरवर बासष्ट हजार होते. म्हणालो, "तिलाबी हीच घे म्हटलो असतो. हिच्यात ऑइलचा थेंबन् थेंब माझ्या हातनं गेलाय. माझा शब्द समजा."

त्या काळ्या ठिपक्यांचे आठ कागद मागच्या कपाटात होते. त्यांची मला त्या वेळी आठवण झाली नाही, असं मी म्हणणार नाही. झाली. पण समोर सर उभे होते, हसत होते, आणि ते म्हणाले होते की उस्ताद म्हणतील ते खरं.

चार महिन्यांनी तासगावच्या अलीकडे ते झालं. गाडी ओढून आणली आणि दुसऱ्या दिवशी मी इंजिन खोललं.

ऑइलची टाकी सोडवली तर तळाला काळं लोणी साठलेलं. ऑइल ओढणारी जाळी निम्मी बुजलेली. टर्बोला ऑइल नेणारी नळी आतून कोळशानं इतकी भरलेली की काडी जाईना. दांडा हातानं हलवला तर खडखड हलला. सिलिंडरच्या आतली झीज मोजली, परत मोजली. साठ-सत्तर हजार चाललेलं इंजिन असं नसतं. हे दीड लाखाच्या पुढचं होतं. हे ठरवायला मला कुणाची गरज नव्हती.

मग मी गिअरबॉक्सवरचा सेन्सर बघितला. गाडी किती पळाली हे मीटरला तोच सांगतो. त्याची वायर बघितली. कंपनीच्या काळ्या पट्टीवर तशीच काळी पट्टी, पण जरा नवी. ती सोडवली. आत एक जोड होता, आणि जोडातून निघालेली बारीक वायर बाकीच्या वायरींच्या जुडग्यातून थेट आत, स्टिअरिंगखाली गेली होती. मी गाडीत उताणा झोपून हात घातला. फ्यूजच्या झाकणामागे बोटाला एक छोटं बटण लागलं.

ते दाबलं की गाडी पळणार आणि मीटर उभं राहणार.

वेगाचा काटासुद्धा शून्यावर ठेवून हा माणूस महाराष्ट्रभर फिरत होता. म्हणजे मी एवढ्या प्रेमानं ठरवलेली साडेसात हजारांची मुदत खरी अठरा-वीस हजारांची होती. पाच वर्षं मी एअर फिल्टर बदलत होतो आणि शाळेपासूनच्या मित्राला भर दुकानात चोर म्हणत होतो. मला रडू आलं नाही. संतापानं कानशिलं तापली, आणि लाज वाटली. दोन्हींतलं जास्त काय होतं ते मला अजून सांगता येत नाही.

हात धुऊन मी आधी जिनदत्तकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं, हात जोडले.

"बरं," तो शेवटी म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला. "तुम्हाला काय पाहिजे होतं?"

त्या संध्याकाळी नगर वाचनालयाच्या सभागृहात निकम सरांचं व्याख्यान होतं. विषय होता श्रमाची प्रतिष्ठा. साडेसहाची वेळ. मी सहालाच गेलो. सर स्टेजमागच्या खोलीत एकटेच चहा घेत होते. मला बघून उठले.

"या, या उस्ताद! आज तुम्ही स्वतः? बसा."

मी बसलो नाही. खिशातून ते बटण काढून टेबलावर ठेवलं, तुटक्या वायरीसकट.

सरांनी बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. घाबरतील असं मला वाटलं होतं. चिडतील, नाकारतील, माझ्यावर आवाज चढवतील, या सगळ्याला उत्तरं मी वाटेत तयार केली होती. पण सर नुसतेच गोंधळले.

"हे काय? हे काढलं कशाला?"

"मॅडमच्या गाडीचा टर्बो गेला, सर. अप्पा गाडीत होते. मरता मरता वाचले."

"अरे अरे. मला खरंच माहीत नव्हतं." आणि त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "पण टर्बो काय, कधीही जाऊ शकतो. नशिबाचा भाग असतो."

"नशिबाचा न्हाई सर, ह्या बटणाचा. तुम्ही मला फसवलंसा."

"मी? तुम्हाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिले, वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर समजत नसावं तसे.

"उस्ताद, थांबा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी टेबलावरच्या बटणाकडे बघितलं.

"काय सांगता! पाच वर्षं ते ऑइल तुमच्या बोटांना लागत होतं. कागदावर उतरवून ठेवत होतात. तुम्ही एकदा मला विचारलंत, मी काहीतरी सांगितलं, आणि तुम्ही परत कधी विचारलं नाहीत. मी समजलो की उस्तादांनी ओळखलं आणि पोटात घातलं. तेव्हाच ठरवलं, हा माणूस आपला." ते माझ्या जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "गाडी विकताना लोक मीटर बघतात, सगळेच करतात हे. पण तुम्ही ज्या प्रेमानं सांभाळून घेतलंत, ते मी कधी विसरलो नाही. उगाच का मी गावोगाव तुमचं नाव घेतो?"

मी पाच वर्षं ज्याला मान समजत होतो, ते गप्प बसण्याचं बक्षीस होतं. आणि मला तर गप्प बसल्याचंही माहीत नव्हतं.

"मॅडमला चला सांगायला," मी म्हणालो. "आत्ता. तुमच्या तोंडानं."

"आत्ता लोक बसलेत, उस्ताद."

"मग उद्या सकाळी."

"त्यानं काय होणार? शब्द तर तुम्ही दिलात त्यांना," सर अगदी मायेनं म्हणाले. "उगाच तुमचंच नाव खराब होईल. माझं ऐका."

तेवढ्यात आयोजक आले, सरांना घेऊन गेले. मी बटण परत खिशात टाकलं. एकानं मला हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मी उठून जायला हवं होतं. बसून राहिलो.

सरांचं बोलणं सुरू झालं. पंधरा-वीस मिनिटांनी ते म्हणाले, "आमच्या विट्यात एक कारागीर आहे." आणि त्यांनी मला उभं केलं. शब्दांत. दोन बोटांत ऑइल धरून इंजिनाची नाडी ओळखणारा. कोऱ्या कागदावर सत्य उतरवणारा. विद्यापीठानं मला पदवी दिली, म्हणाले, पण प्रामाणिकपणा मी ह्या माणसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकलो. आवाज कुठे कापला नाही. अर्ध्या-पाऊण तासापूर्वी ज्या हातानं खांदा धरला होता, तोच हात माझ्याकडे करून म्हणाले, "आणि तो माणूस आज इथे बसलाय. उस्ताद, उभे राहा."

मी उभा राहिलो. टाळ्या पडल्या. चारशे-पाचशे माणसं. टाळ्या थांबायला आल्या तेव्हा मी बोललो. इंजिनाच्या वर ऐकू जावं म्हणून कमावलेला आवाज आहे माझा, माईक लागत नाही.

"सर, मीटर बंद करायचं बटण कुठं बसवलं हुतं, ते पण सांगा की ह्यास्नी."

मी सरांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी पापणीही हलवली नाही. चेहऱ्यावर हळूहळू हसू आणलं, अगदी वेळ घेऊन, आणि माईकवर म्हणाले, "बघितलंत? चाळीस वर्षं मी बोलतोय, पण माझं मीटर बंद करायचं बटण कुठे आहे ते फक्त उस्तादांनाच सापडलं. बसा उस्ताद, आवरतं घेतो!"

लोक जे हसले! शेजारच्या माणसानं माझ्या पाठीवर थाप मारली. "भारी बोललासा," म्हणाला. मी बसलो. बोलणं हे त्यांचं काम होतं, माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडकर मॅडम गॅरेजात आल्या. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बटण दाखवलं. दांडा दाखवला, जाळी दाखवली. मग कपाटातून फाइल काढून ते आठ कागदही त्यांच्यासमोर ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते लपवून मला पुढचं काही बोलता आलं नसतं.

गणिताच्या बाई. त्यांनी कागद एकेक करून बघितले, प्रत्येकावरची तारीख वाचली, आणि परत त्याच क्रमानं लावून ठेवले.

"चांगल्या ऑइलचा ठिपका कसा असतो?" त्यांनी विचारलं.

मी दुसऱ्या एका गाडीचा कागद दाखवला. पिवळ्या कडेचा, पसरलेला. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितले.

"हे तर मलासुद्धा कळतंय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, इंजिन मी नवं करून देतो. पैसा घेणार न्हाई. अप्पांच्या फेऱ्या तोवर मी माझ्या गाडीनं करतो. सरांनी माझा विश्वासघात केला, पण तुमची गाडी मी..."

"नको," त्या म्हणाल्या. रागानं नाही. उठल्या, पर्स खांद्याला लावली. "दुपारी टोचन करून न्यायला गाडी येईल. तासगावला एक गॅरेज बघितलंय."

"मॅडम, फसवलं त्यांनी. मला बी फसवलं."

दारापर्यंत गेलेल्या त्या थांबल्या.

"सरांनी फसवलं ते मी विसरून जाईन, भाऊ. त्यांना मी ओळखतच नव्हते. त्यांच्यावर विश्वास ठेवून मी गाडी घेतलीच नव्हती."